अडगळीतून रणांगण: वॉरगेमच्या टेबलासाठी घरच्या घरी टेरेन

खोकी, झाकणं, रिकामे डबे आणि थर्माकोल यांतून वॉरगेमचं, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायच्या युद्धखेळाचं, मैदान (टेरेन) उभं करता येतं, आणि ते चांगलं दिसतंही. अट एकच: बघणाऱ्याला डबा दिसता कामा नये, टाकी दिसली पाहिजे. रंगकाम कितीही सुबक असू द्या, डब्याची दुमडलेली कड किंवा झाकणाचे आटे नजरेस पडले की सगळं शाळेतल्या 'टाकाऊतून टिकाऊ'च्या तासासारखं वाटायला लागतं. उलट रंग जरा ओबडधोबड असला, पण शेजारी योग्य मापाचं दार आणि शिडी असेल, तर डोळा फसतो. म्हणून माप सांभाळणं आणि ओळखीच्या खुणा लपवणं ही निम्म्याहून जास्त मेहनत. रंगाची पाळी त्यानंतर येते.

आधी माप

कात्री हातात घेण्याआधी तुमचे सैनिक कोणत्या मापाचे, म्हणजे साधारण किती उंचीचे, आहेत ते बघा. २८ मिमीचे सैनिक साधारण १:५६ प्रमाणाचे धरतात, १५ मिमीचे साधारण १:१००. पुढची सगळी मापं २८ मिमीसाठी आहेत. १५ मिमीचे सैनिक असतील तर सरळ निम्मी करा, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

आता हिशेब. खरं दार दोन मीटर उंच धरलं तर १:५६ ने ते ३६ मिमी येतं. पण सैनिक तीन-चार मिमी जाड बेसवर (पायाखालच्या चकतीवर) उभा असतो, त्यामुळे ३६ मिमीच्या दारात त्याचं डोकं अडकल्यासारखं दिसतं. दार ४० मिमी उंच ठेवा. रुंदीत तर प्रमाण बाजूलाच ठेवावं लागतं: ९० सेंमीचं दार १६ मिमी भरतं आणि त्यातून २५ मिमीचा गोल बेस जाणार नाही. ३० मिमी रुंद करा. खरा मजला ५४ मिमीचा येईल, पण आत बोटं घालून सैनिक उचलायचे असतात, म्हणून ७५ मिमी. खिडकीची खालची कड जमिनीपासून २० मिमीवर, आडोशाची बुटकी भिंत १५ ते २०, शिडीच्या पायऱ्यांत ६ मिमी अंतर. जिने टाळा. खऱ्या मापाच्या पायरीवर बेस मावत नाही आणि बेस मावेल अशी पायरी राक्षसाच्या घरातली वाटते. शिडी लावून मोकळे व्हा.

ही मापं एका जाड कागदाच्या पट्टीवर खुणा करून लिहून ठेवा, आणि काम करताना बेसवरचा एक सैनिक कायम समोर उभा असू द्या. वस्तू त्याच्याशेजारी ठेवली की ती टाकी होणार की पिंप, हे लगेच कळतं.

काय ठेवायचं, काय टाकायचं

पार्सलची पन्हळी पुठ्ठ्याची खोकी, टूथपेस्ट किंवा बिस्किटांच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा, घट्ट दाण्याचा थर्माकोल, पत्र्याचे डबे, बाटल्यांची झाकणं, हँडवॉशच्या पंपाचं तोंड, स्ट्रॉ, संपलेली पेनं, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप, जुन्या सीडी, आइस्क्रीमच्या काड्या, टूथपिक, भांडी घासायचा हिरवा स्क्रबर. एवढ्यावर पहिली वीस-पंचवीस कामं निघतात.

तेलकट किंवा मेणचट पुठ्ठा टाकून द्या, त्यावर गोंद धरत नाही. दुधाच्या किंवा रसाच्या खोक्याला आतून-बाहेरून प्लास्टिकचा थर असतो, त्याचीही तीच तऱ्हा. खाण्याचं काही लागलेलं असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. नाहीतर रंगाखाली बुरशी येते आणि मुंग्या लागतात. स्प्रेचे डबे, बॅटऱ्या आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश फोडू नका. फ्लॅशमधला कपॅसिटर बंद उपकरणातही झटका देण्याइतका भरलेला असू शकतो.

आणि जमवण्याला लगाम घाला. एक मध्यम खोकं भरलं की पुरे. त्यापुढे जमवणं हाच वेगळा छंद होऊन बसतो आणि टेबल रिकामंच राहतं.

हत्यारं आणि गोंद

तुटणाऱ्या पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट (किंवा खाली जाड पुठ्ठा), १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, दोन खराब झालेले ब्रश. पुठ्ठा एका दमात कापू नका. तीन-चार हलके हात फिरवा, दुसरा हात पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. पातं बोथट झालं की पुठ्ठ्याच्या कडा चुरगळतात आणि थर्माकोलचे दाणे उपटून येतात. तसं दिसलं की पात्याचा एक तुकडा मोडा.

बहुतेक कामं बिघडतात ती गोंदाची निवड चुकल्याने. पांढरा गोंद, म्हणजे फेव्हिकॉलच्या जातीचा, पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. पुठ्ठा, कागद, लाकूड पाणी शोषतात, तिथे तो उत्तम. थर्माकोलच्या दोन मोठ्या तुकड्यांमध्ये पाण्याला वाटच नसते, त्यामुळे मधला गोंद दिवसेंदिवस ओला राहतो. तिथे पातळ थर लावा, टूथपिक खिळ्यांसारख्या आरपार टोचा आणि दोन दिवस हात लावू नका. सुपरग्लू पत्रा आणि कडक प्लास्टिकसाठी. थर्माकोलवर टाकला तर खड्डा पडतो. ग्लू गन भराभर धरते, पण गरम नळी थर्माकोलला टेकली की तो वितळतो, आणि गोंदाचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे राहिले तर रंगानंतर हमखास दिसतात. ते रंगाआधी चिमट्याने ओढून काढा.

बाटल्यांची झाकणं आणि बऱ्याच स्ट्रॉ पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. या प्लास्टिकवर ना गोंद नीट बसतो ना रंग. १२० नंबरच्या पेपरने चमक जाईपर्यंत घासा, साबणाने धुवा आणि वर टिश्यू पेपरचा एक थर पांढऱ्या गोंदाने गुंडाळा. हा कागदाचा अंगरखा घातला की रंग कागदावर बसतो, प्लास्टिकवर नाही, आणि नखाने निघत नाही.

पहिलं काम: पडक्या घराचा कोपरा

सुरुवात भग्नावशेषाने करा. वाकडं कापलं गेलं तरी ते हेतुपुरस्सर वाटतं.

१. बेस म्हणून जुनी सीडी घ्या. व्यास १२० मिमी, मधलं भोक १५ मिमी. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून मंद करा आणि भोक वरून-खालून मास्किंग टेपने बंद करा.

२. पन्हळी पुठ्ठ्याचे ८० बाय ७५ आणि ६० बाय ७५ मिमीचे प्रत्येकी दोन तुकडे कापा. प्रत्येक जोडीत एका तुकड्याच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. मध्ये पांढऱ्या गोंदाचा पातळ थर पसरून जोडा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. ३ मिमीच्या पुठ्ठ्याची ६ मिमी भिंत होते. प्रमाणात ती सुमारे ३३ सेंमी भरते, म्हणजे खऱ्या वीटकामाशी जुळते. पन्हळी एकाच दिशेने ठेवल्या तर भिंत त्या रेषेवर मुडपते.

३. ८० च्या भिंतीत २० बाय ३० मिमीची खिडकी काढा, खालची कड २० मिमीवर. ६० च्या भिंतीत कोपऱ्यापासून १५ मिमी सोडून ३० मिमी रुंद दार. दाराच्या वरचा भाग कोसळलाय असं समजा, म्हणजे चौकटीची कटकट वाचते.

४. भिंतीचा माथा कोपऱ्यात ७५ मिमी ठेवा आणि दोन्ही टोकांकडे २० मिमीपर्यंत उतरवा. इथे हात करवतीच्या दातांसारखं तिरकं कापायला जातो. तसं कापू नका. वीटकाम दर्जांच्या, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या, रेषेवर सुटतं, म्हणून कड चार-चार मिमीच्या पायऱ्यांनी उतरली पाहिजे. काही पायऱ्या लांब, काही आखूड ठेवा.

५. कापलेल्या कडांवर पन्हळीची भोकं दिसतात आणि 'हे खोकं आहे' हे सगळ्यांत आधी तीच सांगतात. भिंतीची पुट्टी बोटाने भरा, किंवा पातळ पुठ्ठ्याची ६ मिमी पट्टी चिकटवा. खिडकीच्या आतल्या चारही कडा विसरू नका.

६. पातळ पुठ्ठ्याचे ८ बाय ४ मिमीचे तुकडे कापा. या विटा. प्रमाणात वीट याच्या निम्म्याहून लहान भरते, पण तेवढी लहान वीट हातभर अंतरावरून दिसतच नाही. पूर्ण भिंत मढवू नका, तीन-चार ठिकाणी सहा-आठ विटांचे पुंजके पुरेत. एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या विटेच्या मध्यावर आला पाहिजे.

७. चार भाग पुट्टी, एक भाग पांढरा गोंद आणि चिमूटभर बारीक वाळू मिसळून खराब ब्रशने थापा, विटांचे पुंजके उघडे सोडून. जाडी १ मिमीपर्यंत. भिंतीच्या दोन्ही बाजू एकाच दिवशी करा. एकच बाजू केली तर ती वाळताना आकसते आणि भिंत तिकडे बाक घेते. बाक आलाच तर कोरड्या बाजूला पाण्याचा हलका हात देऊन दाबून ठेवा.

८. दोन्ही भिंती काटकोनात जोडून सीडीवर बसवा, बाहेर सगळीकडे थोडी कड मोकळी राहील अशा बेताने. पायथ्याशी उरलेल्या विटा, पुठ्ठ्याचे कपटे, मोडलेल्या काड्या आणि वाळू यांचा ढिगारा करा. ढिगारा भिंतीलगत जास्त, मध्ये विरळ. आत निदान ३० मिमी जागा सपाट सोडा. सैनिक उभा राहणार नसेल तर त्या आडोशाचा खेळात उपयोग नाही, आणि नवशिक्यांच्या सुंदर कामांत हीच चूक सर्रास असते.

दुसरं काम: तेलाची टाकी

साधारण ७५ मिमी व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. उघडलेली धारदार कड टेपने झाका, तळाशी दोन बोटं वाळू भरा, तोंडावर पुठ्ठ्याची चकती चिकटवा. वाळू नसेल तर कोपर लागलं की टाकी आडवी. नंतर डबा उलटा, म्हणजे मूळ तळ वर.

पातळ पुठ्ठ्याच्या २४० मिमी लांब, १० मिमी रुंद तीन पट्ट्या कापा. डब्याचा घेर ७५ गुणिले ३.१४, म्हणजे २३५ मिमी; वरचे ५ मिमी सांध्यासाठी. एक पट्टी वरच्या दुमडलेल्या कडेवर, एक खालच्या, एक मध्ये. तिन्ही सांधे एकाच रेषेत आणून त्या रेषेवर शिडी लावली की सांधे आपोआप झाकले जातात. तळाची वर्तुळाकार वळणं पुठ्ठ्याच्या चकतीखाली जाऊ द्या. पट्ट्यांवर टूथपिकच्या टोकाने पांढऱ्या गोंदाचे थेंब १० मिमी अंतराने ठेवा. वाळले की ते रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे गोल डोक्याचे खिळे. वर झाकणाची झडप आणि गोळ्यांच्या स्ट्रिपमधला एखादा फुगीर घुमट. हँडवॉशच्या पंपाचं वाकडं तोंड नळाच्या तोटीसारखं बाजूला बसवता येतं, फक्त त्याचा ओळखीचा दांडा कापून टाका. पाइपांसाठी कागदी स्ट्रॉ मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, त्या थेट रंग धरतात. पाइप हवेत सुटलेला नको. तो टाकीत शिरला पाहिजे नाहीतर जमिनीत.

टाकीशेजारच्या शेडला पन्हळी पत्रा हवा असेल तर तो पुठ्ठ्यातच दडलेला असतो. पातळात पातळ पन्हळीचं खोकं शोधा. त्याच्या एका बाजूवर ओला स्पंज फिरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, कोपरा नखाने उचलून बघा. कागद सुकी साल निघावी तसा कर्रकर्र करत फाटत असेल तर अजून पाणी हवं. नीट भिजला की तो गपचूप, लांब पट्टीने उलगडत येतो आणि खाली पन्हळीचे उंचवटे दिसायला लागतात. त्यांच्या माथ्यांवर गोंदाच्या फिक्या रेषा राहतात, त्या ओल्या बोटाने चोळून काढा. लगेच दाबू नका, पन्हळी बसून जातील. सपाट ठेवून वाळू द्या आणि मग ४० बाय ६० मिमीचे पत्रे कापून एकावर एक थोडे चढवत लावा. काटेकोर मोजलं तर खऱ्या पत्र्याच्या पन्हळी १:५६ मध्ये दीड मिमीपेक्षाही कमी अंतरावर येतात आणि पुठ्ठ्याच्या त्याहून मोठ्या असतात. टेबलावर कुणी मोजायला येत नाही.

टेकड्या आणि झाडी, थोडक्यात

टेकडीसाठी थर्माकोलचे २५ मिमीचे थर पायऱ्यांनी रचा. प्रत्येक पायरी किमान ४० मिमी रुंद. मऊ उतार सुंदर दिसतो, पण सैनिक त्यावरून घसरतात. थर्माकोल कापताना दाणे अंगाला चिकटतात, ओल्या फडक्याने टिपा आणि कचऱ्यात टाका, मोरीत सोडू नका. गरम तारेने कापत असाल तर खिडक्या उघड्या हव्यात, तो धूर छातीत घेण्याजोगा नसतो. जुना हिरवा स्क्रबर १५ मिमीच्या पट्ट्यांत कापला की कुंपणाची झुडपं, तोच फाडून वाळक्या फांदीवर चिकटवला की झाड. काटेरी तारेसाठी बारीक तार पेन्सिलीवर गुंडाळून सैल ओढा.

रंग

आधी अस्तर. तीन भाग काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि एक भाग पांढरा गोंद मिसळून ब्रशने दोन हात मारा, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. यामुळे वाळू पक्की बसते, पुठ्ठ्याची तहान भागते आणि वेगवेगळ्या रंगांचं भंगार एका रंगात येतं. अस्तराआधी कुरूप दिसणारी वस्तू अस्तरानंतर अचानक बरी दिसते. त्याआधी निराश होऊन टाकून देऊ नका.

थर्माकोल असेल तर स्प्रे पेंट नकोच. त्यातलं द्रावक थर्माकोल खातं. अस्तर मारलंय म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही: टाचणीएवढं भोक राहिलं तरी द्रावक आत शिरतं आणि वरचं कवच शाबूत, आतून पोकळ अशी टेकडी हातात येते.

मग ड्रायब्रश, या कामातली खरी जादू. चपटा, आखूड केसांचा ब्रश मध्यम करड्या रंगात टेकवा आणि कागदावर पुसत राहा, आता ब्रशवर काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत. मग तो भिंतीवरून हलकेच, कडांना आडवा फिरवा, धूळ झटकल्यासारखा. पहिल्या दोन-तीन फटकाऱ्यांत काही दिसत नाही. मग एकेका विटेची कड, वाळूचा कण न् कण उजळायला लागतो आणि दर्जा काळ्याच राहतात. पट्टे उमटले तर रंग जास्त आहे, पुन्हा पुसा. दुसरा फेरा त्याहून फिका करडा, फक्त वरच्या कडांवर. शेवटी मोडक्या टोकांना मळकट पांढरा, अगदी नावाला. विटांच्या पुंजक्यांना आधी तांबूस तपकिरी रंग द्या, मग ड्रायब्रश.

टाकीला गंज हवा. आधी तिचा रंग, मग फाटक्या स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरीचे ठिपके कडा, रिव्हेट आणि शिडीच्या सांध्यांवर. त्या ठिपक्यांच्या मध्यात थोडा नारिंगी. गंज पाणी साचतं तिथे धरतो आणि खाली ओघळतो. सपाट भिंतीच्या मधोमध ठिपके मारले तर टाकीला गोवर आल्यासारखा दिसतो. ओघळांसाठी एक भाग तपकिरी रंग, दहा भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. हा वॉश वरून सोडा आणि वस्तू उभीच वाळू द्या. आडवी ठेवली की चहाच्या कपाखाली उमटतात तशी वर्तुळं उठतात.

सगळ्या बेसची जमीन एकाच रंगाची ठेवा. तोच तपकिरी, त्यावर तोच फिका ड्रायब्रश. टाकी, भग्न घर, टेकडी यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसला तरी जमीन एक असली की ते एका गावचे वाटतात. गवतासाठी चाळलेला लाकडाचा भुसा हिरव्या रंगात कालवून वाळवा. वापरलेली चहापत्ती धुऊन कडकडीत वाळवली तर पाचोळा म्हणून छान शोभते. जरा दमट राहिली तर बुरशी ठरलेली.

शेवटचा हात मॅट वॉर्निशचा, ब्रशने मारायचं. चकाकणारं वॉर्निश लावलं तर लपवलेलं प्लास्टिक पुन्हा बोलायला लागतं.

टेबलावर

दोन बाय दोन फुटांच्या टेबलाला अशा सात-आठ वस्तू होतात. पृष्ठभागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला जावा. सैनिकापेक्षा उंच अशा दोन-तीन वस्तू मध्याजवळ ठेवा, नाहीतर पहिल्याच फेरीत या टोकाचा नेमबाज त्या टोकाचं सगळं टिपतो. सगळं एका फळीवर कायमचं चिकटवण्याचा मोह होतो, पण सुटे तुकडे बरे, दर खेळाला नवं मैदान मिळतं. ही युक्ती जुनीच: १८१२ मध्ये फॉन राइस्विट्झ यांनी प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचं जे टेबल दिलं, त्यात जमीन, नद्या, रस्ते दाखवणाऱ्या, हलवता येणाऱ्या फरशा होत्या.

ठेवताना एकावर एक रचू नका, विटांच्या कडा आधी झडतात. झडल्या की आतला तपकिरी पुठ्ठा डोळ्यात भरतो, म्हणून जमिनीचा तपकिरी आणि भिंतीचा करडा रंग छोट्या झाकणबंद डब्यांत उरवून ठेवा आणि डब्यांवर मिश्रणाचं प्रमाण लिहा. तोच रंग दुसऱ्यांदा अंदाजाने जुळत नाही.